पेन्सिलबाईच्या डोक्याचे खरे फोटो

वहिनी,

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लोक चार शब्द लिहितात, आणि त्या चार शब्दांत त्याचे सगळे डाग पुसून टाकलेले असतात. हे काम तू जन्मभर केलंस, तुला वेगळं सांगायला नको. म्हणून म्हटलं, तू धडधाकट आहेस, लेकीकडे बसून जावयाच्या चुका काढते आहेस, मीही अजून चालती-बोलती आहे, तोवरच लिहून टाकावं. छापायला देणार आहे. तू चिडशील. खुशाल चिड, पण शेवटपर्यंत वाचून मग फोन कर. शेवटी तुझं एक काम आहे, त्याचा हिशेब मला द्यायचाय.

आता वाचणाऱ्यांसाठी सांगते, नाहीतर ते म्हणतील ही कोण आणि ती कोण. मी नणंद, ही माझी भावजय. माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर आणि रस्त्याकडे तोंड करून काचेचं कपाट, त्यात नमुन्याचे नऊ फोटो. मधे राखाडी पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे. मागे बिनखिडकीची खोली, तिथे ही बसायची. दादा म्हणायचा, "मी फक्त बटण दाबतो." तो हे विनयाने म्हणायचा, पण होतं ते अक्षरशः खरं. लोक यायचे ते मागच्या खोलीतल्या हातासाठी.

आधी निगेटिव्हचा जमाना होता. खालून दिवा असलेल्या तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने एकेक सुरकुती भरायची. छापलेल्या फोटोवर मग बारीक ब्रश. साठीचा माणूस पुढच्या दाराने आत यायचा आणि पंचेचाळिशीचा होऊन पाकिटातून बाहेर पडायचा. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी माऊस आला, पण पेन्सिल काही सुटली नाही. ती तू अंबाड्यात खोचायचीस. काळाभोर, मुठीत न मावणारा अंबाडा आणि त्यात आडवी पिवळी पेन्सिल. गावात स्टुडिओचं नाव कुणालाच आठवायचं नाही. "पेन्सिलबाईकडे जाऊन येतो," असंच म्हणायचे. दादाला याचा राग यायचा, पण गिऱ्हाईक गेल्यावर.

तुझा हात किती चालायचा, त्याची एकच गोष्ट सांगते. वीज कंपनीत मीटर वाचणारा एक जण ओळखपत्रासाठी फोटो काढायला आला. उजव्या भुवईवर चांगला बोटभर जुना व्रण. तू तो काढून टाकलास. अर्जात ओळखीची खूण म्हणून तोच व्रण लिहिलेला. फोटो परत आला. दुसऱ्यांदा तू व्रण ठेवलास, पण "जरा सौम्य" केलास. पुन्हा परत. तिसऱ्यांदा तो बिचारा काउंटरवर हात जोडून म्हणाला, "ताई, माझा मार मला परत द्या हो." तू व्रण दिलास आणि आठवडाभर फणफणत होतीस, "इतका चांगला चेहरा करून दिला, कुणाला किंमतच नाही."

आम्ही हसलो होतो तेव्हा. हसायला नको होतं.

तुझ्या बावन्नाव्या वर्षी पेन्सिल पडायला लागली. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. तू पेन्सिलींना नावं ठेवलीस, हल्ली गुळगुळीत येतात म्हणून. मग डोक्याच्या मध्यावर खाज सुटायला लागली, आग व्हायला लागली, फणी लागली की चुरचुरायला लागलं. आणि तुझ्याभोवती जाणकारांचा मेळावा भरला. ब्यूटी पार्लरवालीने बघून सांगितलं, कोंडा. वरच्या मजल्यावरची शिवणवाली म्हणाली, कांद्याचा रस. तो लावून तू दोन महिने बसलीस, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून हसरा चेहरा करत होतं. केमिस्टने स्वतःच्या अकलेने एक शाम्पू दिला. कुणी म्हणालं टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे मग तू टेन्शन येतंय याचं टेन्शन घेतलंस. दादा म्हणाला, "वय झालं, चालायचंच."

दादाला चाळिशीतच टक्कल पडलं होतं. त्याच्या डोक्याकडे बघून लोक म्हणायचे, काय रुबाब आहे, अगदी विचारवंत दिसतो. तो आयुष्यात एकच विचार करायचा, जेवायला काय आहे. बाईच्या डोक्यावर रुपयाएवढी जागा दिसली की मात्र तिच्या आहारापासून स्वभावापर्यंत सगळ्यांची चौकशी सुरू. तुझ्या लेकीच्या सासूने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही कटकट आहे का हो?" मी म्हटलं, "आत्तापर्यंत नव्हती."

दोन वर्षं अशी गेली. ही दोन वर्षं मी तुला कधी माफ केली नाहीत आणि मलाही नाहीत, कारण मी पाचच मिनिटांवर राहत होते आणि वनस्पतिशास्त्र शिकवत होते. कॉलेजातल्या मुलांना रोप कसं बघायचं ते शिकवायचं आणि घरच्या माणसाच्या डोक्याकडे बघायचं नाही, असं आमचं शिक्षण.

शेवटी एका दुपारी मी मागच्या खोलीत आले तर तू दोन्ही हातांनी डोकं दाबून बसलेली.

"काय झालं?"

"काही नाही. आग होतेय जरा."

"वाक खाली. दिवा इकडे कर."

"अहो वन्सं, गिऱ्हाईक बसलंय पुढे." चिडलीस की तू मला वन्सं म्हणायचीस आणि तुम्हीवर यायचीस. एरवी आपलं अगं-तुगं.

"बसू दे. त्याचं तोंड तसंही तू बदलणारच आहेस."

दिव्याखाली बघितलं आणि दिवा आणखी जवळ ओढला. मधली जागा नुसती विरळ नव्हती. गुळगुळीत होती, चकाकत होती, केसाचं छिद्र म्हणून दिसत नव्हतं. आणि त्या जागेच्या कडेने जे केस उरले होते, त्या प्रत्येकाच्या बुडाशी लाल कडं आणि पांढरट पापुद्रा. वाफ्यात रोपं मरत असली तर मेलेल्या मधल्या भागाकडे बघून काही कळत नाही, कडेला बघायचं असतं, मरण तिथे चालू असतं. एवढं मला येत होतं. मी म्हटलं, "हा कोंडा नाही. उद्या डॉक्टर."

उद्या झाला दोन महिन्यांनी, कारण तुझी कामं पडली होती.

मोठ्या शहरातली त्वचेची डॉक्टर, बसने पाच तास. वयाने आपल्या लेकीएवढी, बोलायला भराभर, आणि कुणाची भीड न धरणारी. मला ती लगेच आवडली, तुला अर्थातच नाही. दिव्याचं भिंग डोक्यावर टेकवून तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "काकू, दोन छोटे तुकडे काढून तपासायला पाठवू. बधिर करून. एकेक टाका पडेल."

"मधले घ्या ना," तू म्हणालीस, "तिथे तसंही काही नाहीये."

"म्हणूनच नको. मधे सगळं संपलंय. भांडण कडेला चालू आहे, साक्षीदार तिथलाच पाहिजे."

दहा-बारा दिवसांनी नाव आलं, लायकेन प्लॅनोपिलॅरिस. मी म्हटलं, लायकेन म्हणजे दगडफूल, ते मी तीस वर्षं शिकवलं, खडकावर वाढतं, झाडांच्या खोडावर वाढतं. डॉक्टर म्हणाली, "इथे काहीच वाढत नाही, मॅडम, तीच तर तक्रार आहे. नुसतं नाव उसनं घेतलंय." मग तिने कागदावर केसाचं मूळ काढून दाखवलं. शरीराच्याच संरक्षक पेशी केसाच्या मुळावर चाल करून येतात. का येतात ते अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेलाने नाही, शाम्पूने नाही, कुणाच्या पापाने तर मुळीच नाही. संसर्ग नाही, कुणाला लागत नाही. मूळ जळून जातं आणि तिथे व्रण तयार होतो. कातडीच्या आत, आपल्याला न दिसणारा.

तू एकच प्रश्न विचारलास. "परत येतील ना?"

"गेलेले नाही येणार. व्रणातून केस उगवत नाही. पण अजून खूप उरलेत, काकू. ते राहावेत म्हणून मी आहे."

तू त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलंस. दुसरं ऐकायला मी होते म्हणून बरं.

कडेकडेने इंजेक्शनं झाली. रोज लावायचं औषध दिलं, गोळ्या दिल्या, आणि त्या गोळ्यांसाठी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डोक्याच्या औषधाला डोळे कशाला म्हणून तू तिच्याशी वाद घातलास. ती म्हणाली, "कारण तुम्हाला ते कामाला लागतात." यापुढे सहा महिन्यांनी यायचं, मधे दर महिन्याला फोटो पाठवायचे. चार बाजूंनी, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून. "मला तीनच गोष्टी बघायच्यात. लाली किती आहे, पापुद्रा किती आहे, आणि कड कुठवर आली. त्यावर मी औषध कमी-जास्त करणार. फोटो मात्र नीट हवेत हं. लोक काय एकेक पाठवतात, डोकं आहे की टेकडी कळत नाही."

"आमचा स्टुडिओ आहे," तू म्हणालीस. त्या दिवसातलं तुझं पहिलं ताठ मानेचं वाक्य.

"सोन्याहून पिवळं!" डॉक्टर म्हणाली. बिचारी.

फोटो मी काढायचे. घरात सराईत फोटोग्राफर असताना मी का, तर दादाला तू डोकं दाखवत नव्हतीस. आंघोळीनंतर डोक्याला टॉवेल, टॉवेलनंतर रुमाल, रुमालानंतर अंधार. त्याने एकदा विचारलं तर म्हणालीस, "तुमचं डोकं मी कधी बघायला मागितलं का?" त्याचं तर सगळ्या रस्त्याला दिसत होतं. तर दर पहिल्या रविवारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून तू त्या स्टुलावर बसायचीस आणि मी चार वेळा बटण दाबायचे. मग तू कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन मागे जायचीस, "पाठवून येते."

पाठवून यायला तुला दोन तास लागायचे. मला वाटायचं, नेट हळू आहे.

पहिल्या महिन्यानंतर डॉक्टरचं उत्तर, "छान, लाली कमी दिसते." दुसऱ्यानंतर, "फारच छान." तिसऱ्यानंतर तिने गोळ्या निम्म्या केल्या आणि लावायचं औषध आठवड्यातून दोनदावर आणलं. तू ते मेसेज शिवणवालीला दाखवलेस, मला दाखवलेस. पण मी दर रविवारी खरं डोकं बघत होते, आणि मला ते लाल दिसत होतं.

"अगं, आग कमी आहे का?"

"आहे थोडी. बरं होताना होतेच."

"कड पुढे आल्यासारखी वाटते मला."

"डॉक्टर फारच छान म्हणतेय. तिला जास्त कळतं का तुम्हाला, वन्सं?"

तुम्हीवर आलीस म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात मी फार कमी वेळा गप्प बसले, आणि जेव्हा बसले तेव्हा चुकीच्या ठिकाणी बसले.

सहा महिन्यांनी आपण दोघी गेलो. डॉक्टरने एका बाजूला पडद्यावर आपले फोटो उघडले, दुसऱ्या बाजूला तुझा रुमाल सोडला. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा डोक्याकडे. मग तिने भिंग पुसलं. मग स्वतःचा चष्मा पुसला.

"काकू, शेवटचा फोटो कधीचा?"

"नऊ दिवसांपूर्वीचा."

"नऊ दिवसांत हा आजार दोन बोटं सरकत नाही." ती पुन्हा पडद्याशी गेली. "आणि हे बघा, इथे केस आहेत. मी मोजले, अकरा. प्रत्यक्षात ही व्रणाची जागा आहे, छिद्रच नाही इथे. व्रणात अकरा केस उगवले असतील तर माझं निदान चुकलं. सगळंच चुकलं मग. परत तुकडा काढावा लागेल."

तू रुमालाची घडी घातलीस, मोडलीस, परत घातलीस. तुकड्याला तू घाबरली नव्हतीस, मला माहीत आहे. त्या पोरीने आपल्या चुकीचं खापर निमूटपणे स्वतःच्या डोक्यावर घेतलं, ते तुला बघवलं नाही.

"तुमचं नाही चुकलं," तू म्हणालीस. "मी जरा साफ केले होते."

"काय साफ केले?"

"फोटो. लाल होतं ते काढलं. पांढरं होतं ते काढलं. कडेला अगदीच विरळ दिसत होतं, तिथे थोडे केस भरले. जास्त नाही. तुमच्याकडे पाठवायचे, म्हणून."

"माझ्याकडे पाठवायचे म्हणून?"

"आता एवढ्या मोठ्या डॉक्टरला घाणेरडे फोटो कसे पाठवायचे?"

डॉक्टर खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येईना. "काकू," ती म्हणाली, "ते लाल आणि पांढरं, तोच आजार आहे हो. बाकी काही नाहीच आहे बघायला. सहा महिने मी तुमच्या हातावर उपचार करत होते. हात उत्तम आहे, म्हणून गोळ्या कमी केल्या." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? फोटो तुम्ही काढायचात ना?"

"मी फक्त बटण दाबते," मी म्हणाले.

पाच तासांच्या बसमध्ये पहिले दोन तास मी तुझ्याशी बोलले नाही. मग न राहवून विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्याच महिन्यात. ठरवून नाही गं. फोटो उघडला, मोठा केला, आणि हात चालायला लागला. बघते तर झालेलं. इतकं छान झालं होतं की मोडवेना."

"आणि आग होत होती ती?"

"मला वाटलं, होत असेल. पडद्यावर तर बरी दिसत होते."

"आरसा नव्हता घरात?"

"आरशात काय बघायचं? आरशात काही करता येत नाही."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. दोन बोटं. दोन बोटं रुंदीचे केस, जे गोळ्या पूर्ण चालू असत्या तर कदाचित राहिले असते, ते तू स्वतःच्या हाताने पडद्यावर रंगवलेल्या अकरा केसांच्या बदल्यात घालवलेस. हे मी तुला तेव्हा बोलून दाखवलं, तेही मोठ्याने. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. तू त्याला म्हणालीस, "तुमच्या डाव्या गालावर एक डाग आहे बघा, फोटोत मी काढून देईन." आणि मग तू रडलीस. तो घाबरून उठून मागे गेला.

त्यानंतरचा कायदा मी केला. रविवारी बटण मी दाबणार, कार्ड मीच काढणार, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरून मीच पाठवणार. तू माझ्यामागे दारापर्यंत यायचीस. "निदान उजेड तरी सारखा करू दे." नाही. "तो कानाजवळचा तीळ तरी." नाही! गोळ्या पुन्हा पूर्ण, औषध रोज, इंजेक्शनं पुन्हा. डॉक्टरची उत्तरं एकदम रुक्ष यायला लागली, "लाली आहे. चालू ठेवा." तुला ती उत्तरं वाचवायची नाहीत. मी स्टुडिओत येऊन मुद्दाम मोठ्याने वाचायचे. सातव्या महिन्यात पहिल्यांदा आलं, "लाली कमी." आणि त्या दिवशी तू न विचारता सांगितलंस की रात्री झोप लागतेय, उशीला डोकं टेकवता येतंय.

दीड वर्षाने डॉक्टर म्हणाली, "शांत आहे." बरं झालं म्हणाली नाही. हे परत उठू शकतं, लक्ष ठेवावं लागेल, पण आत्ता कड जिथे होती तिथेच आहे. तू घाईने विचारलंस, "म्हणजे जे आहेत ते माझे?" ती म्हणाली, "ते तुमचे." बसमध्ये त्या दिवशी तू खिडकीपाशी बसलीस आणि पाचही तास बोललीस. कशाबद्दल ते मला आठवत नाही, बहुतेक बसमधल्या लोकांच्या तोंडांबद्दल.

मधल्या काळात टोप झाला. शहरातून आणलेला तो केसांचा टोप घालून तू बातम्या देणाऱ्या बाईसारखी दिसायचीस, गिऱ्हाईक आपोआप सावरून बसायचं. उन्हाळ्यात तो काढून ठेवलास. मग शिवणवालीने सुती टोप्या शिवून दिल्या, प्रत्येक साडीला एक. कांद्याच्या रसाची तिने केलेली ती भरपाई असावी. पेन्सिल कानावर गेली. म्हणजे पेन्सिलबाई हे नाव काही सुटलं नाही.

पण एक फरक पडला, आणि तो मला लिहायचाच आहे. तू लोकांचे भांग बघायला लागलीस. आधीही बघायचीस, भरायला. आता पडद्यावर मोठं करून बघायचीस आणि पुढे काउंटरवर येऊन सरळ विचारायचीस, "बाई, डोक्याला आग होते का? खाज? कडेला लाल आहे तुमच्या." एक जण भडकली, "मी फोटोला आलेय, तपासणीला नाही." तू म्हणालीस, "फोटो मी छान करीन. डोकं मला करता येत नाही." तुला अशा आणखी दोघी सापडल्या. एकीला खरंच कोंडाच निघाला, तिने सगळ्या बाजारात तुझी टिंगल केली. पण दुसरी सहा आठवड्यांनी आपल्याच डॉक्टरकडून येऊन टाक्याची खूण दाखवायला आली. तिचं अगदी रुपयाएवढंच गेलं होतं. तुझ्या मानाने काहीच नाही. तू तिच्या डोक्याकडे इतका वेळ बघत राहिलीस की ती लाजली.

त्याच आठवड्यात तू काचेच्या कपाटातला मधला फोटो काढलास. वीस वर्षं तिथे असलेली, खांद्यावर केस सोडून हसणारी ती मुलगी. अर्धे केस तिचे, अर्धे तुझ्या ब्रशचे. दोन खिळे उरले. "इथे माझा लावायचा," तू म्हणालीस. "टोपीशिवाय. म्हणजे विचारतील. विचारलं की सांगता येतं."

आणि तो फोटो काढायला तू दादाला सांगितलंस. मी तिथे होते. तू स्टुलावर बसलीस, टोपी काढून मांडीवर ठेवलीस. चार वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझं डोकं बघितलं. मधली चकाकणारी जागा, भोवती उरलेले केस. तो दिव्यांकडे वळला. दिवे हलवत राहिला, मागे-पुढे, मागे-पुढे, चांगली वीस मिनिटं. आमच्या दादाने आयुष्यात कुणाच्या फोटोला वीस मिनिटं दिली नव्हती. तू ओरडलीस, "अहो, बटणच दाबायचंय ना फक्त?" मग त्याने दाबलं. तो फोटो चांगला आहे, वहिनी. तू त्यात चिडलेली आहेस.

तू तो पेनड्राइव्हवर घातलास आणि माझ्या हातात दिलास. "चौकातल्या मोठ्या लॅबमधून मोठी प्रत काढून आण. इथे काढली तर माझा हात शिवशिवेल. आणि त्यांना सांग, काही करू नका म्हणावं."

मी गेले. हे तुला मी कधीच सांगितलं नाही. काउंटरवरच्या माणसाने फोटो उघडला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, केस भरून देऊ का?"

"नको."

"त्वचा जरा मऊ करू?"

"नको. छापा."

"आहे तसं?"

"आहे तसं."

त्याने आतून आणखी एकाला बोलावून मला दाखवलं. फोटो नव्हे, मला. संध्याकाळी प्रत घ्यायला गेले तर त्यात तुझी चकाकणारी जागा गेलेली, कातडी लोण्यासारखी, कपाळावरची आठी गायब. मी तिथे उभ्या उभ्या बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमचं मशीन ते आपोआप करतं. बंद करायचं बटण नाहीये."

मी ती प्रत त्याच्यासमोर फाडली, पेनड्राइव्ह घेतला आणि घरी आले. तुला सांगितलं, लॅब बंद होती. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये जाईन म्हटलं. मग दादाच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आठ महिने कपाटात मधे दोन खिळे होते, आणि गिऱ्हाइकाने विचारलं की तू म्हणायचीस, "यायचाय." मग जागेच्या मालकाने इमारत पाडायला काढली, स्टुडिओ आवरला, कपाट शिवणवालीने नेलं, त्यात ती आता दोऱ्याची रिळं ठेवते. तुम्ही दोघं लेकीकडे गेलात. निघताना गाडीत बसल्यावर काच खाली करून तू विचारलंस, "ते मोठं करून आणलंस का?" मी म्हटलं, "उद्या आणते." गाडी सुरू झालेली होती, तरी म्हटलं.

पेनड्राइव्ह माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत आहे. आज हे लिहायला बसताना चष्मा शोधला तेव्हा पेनड्राइव्ह खाली पडला. उचलून परत ठेवलाय.